घाण खाऊन जगणाऱ्या जिवाणूंचा शोधकर्ता : सर्गेई विनोग्राड्स्की

गोठा धुतलेले पाणी शोषखड्ड्यात सोडले, तर काही दिवसांनी त्याचा वास कमी होतो. उकिरड्यावरचे ताजे शेण चार-पाच महिन्यांत काळसर, बिनवासाचे खत होते. वाफशावर दिलेला युरिया काही दिवसांतच पिकाला घेता येईल अशा नायट्रेटमध्ये बदलतो. ही सगळी कामे जमिनीतील जिवाणू करतात, हे आज आपल्याला माहीत आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ते कोणाला ठामपणे सांगता येत नव्हते. ज्यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि ते काय खातात, कशावर जगतात हे सिद्ध केले, त्या सर्गेई विनोग्राड्स्की यांच्या जीवनाची ही ओळख. दूषित माती आणि पाणी जिवाणूंकडून स्वच्छ करून घेण्याचे आजचे तंत्र समजायचे असेल, तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागते.

थोडक्यात परिचय

- जन्म : १८५६, कीव्ह (तेव्हाचे रशियन साम्राज्य, आताचा युक्रेन)
- मृत्यू : फेब्रुवारी १९५३, फ्रान्स
- मुख्य शोध : गंधक व अमोनियावर जगणारे जिवाणू, नायट्रीकरणाचे दोन टप्पे, हवेतील नत्र स्थिर करणारा मुक्त जिवाणू
- कार्यक्षेत्र : स्ट्रासबर्ग, झुरिच, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर

पियानोकडून सूक्ष्मदर्शकाकडे

विनोग्राड्स्की सधन घरात जन्मले. कीव्हमध्ये त्यांनी आधी कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात केली, मग विज्ञानाकडे वळले, पण तिथेही मन रमले नाही. त्यानंतर ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला गेले. तेही सोडून १८७७ मध्ये त्यांनी तिथल्याच विद्यापीठात निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्रज्ञ फामिन्त्सिन यांच्या हाताखाली त्यांनी एका सूक्ष्मजीवावर अन्नातील बदलांचा काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. पुढे आयुष्यभर त्यांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या जिवाणूंना विचारला : तू काय खातोस, आणि ते मिळाले नाही तर तुझे काय होते?

त्या काळात जिवाणू म्हणजे रोग असेच समीकरण होते. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांमुळे सगळ्यांचे लक्ष आजारांकडे लागले होते. मातीत, डबक्यात, झऱ्यात असलेले जिवाणू तिथे काय काम करतात, याकडे पाहणारे फार थोडे होते. विनोग्राड्स्की त्या थोड्यांपैकी एक झाले.

सडक्या अंड्याच्या वासावर जगणारा जिवाणू

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटन द बारी यांच्या प्रयोगशाळेत गेले. बटाट्याचा करपा बुरशीमुळे होतो, हे सिद्ध करणारे हेच द बारी. तिथे विनोग्राड्स्कींनी बेगियाटोआ नावाचा जिवाणू अभ्यासाला घेतला. गंधकाच्या झऱ्यात तो पांढऱ्या धाग्यांसारखा दिसतो आणि त्याच्या शरीरात गंधकाचे बारीक थेंब असतात. हे थेंब कशासाठी, हे कोणाला सांगता येत नव्हते.

विनोग्राड्स्कींनी हे धागे काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहिले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू असेल, तर धाग्यांत गंधक साठत असे. वायू मिळेनासा झाला की साठलेले गंधक संपत जाई आणि त्याचे सल्फेट तयार होई. थोडक्यात, सडक्या अंड्याचा वास असलेला हा विषारी वायू या जिवाणूचे इंधन होता. आपण पिठापासून जशी ताकद मिळवतो, तशी तो या वायूपासून मिळवत होता.

१८८७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. प्राणी अन्न खाऊन जगतात आणि हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशावर, एवढेच दोन मार्ग तोवर माहीत होते. अंधारात, निव्वळ एका रसायनाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवण्याचा तिसरा मार्ग त्यांनी दाखवला.

सांडपाण्याचे जुने कोडे

आता थोडे मागे जाऊ. शेण-मूत्र मिसळलेल्या मातीत नायट्रेट तयार होते, हे लोकांना शतकानुशतके माहीत होते. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच मातीतून काढत आणि बिहारमधून तो जहाजे भरून युरोपात जाई. पण अमोनियाचे नायट्रेट कसे होते? बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना वाटे की हवा आणि मातीचे कण यांच्यात आपोआप घडणारी ही रासायनिक क्रिया असावी.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या लांब नळीत भाजलेली वाळू आणि चुनखडीची भुकटी भरली आणि वरून शहराचे सांडपाणी अगदी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून अमोनिया आत जाई आणि खालून अमोनियाच बाहेर येई. मग नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला.

क्रिया निव्वळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवसांचा उशीर म्हणजे कोणीतरी आत वाढत होते. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकून थोडे मातीचे पाणी ओतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. काम करणारा सजीव आहे हे कळले, पण तो कोण हे कळेना. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. क्रिया दोन टप्प्यांत होते, हेही त्यांच्या लक्षात आले. पण जिवाणू काही वेगळा करता आला नाही.

झुरिचमध्ये कोडे सुटले

१८८८ च्या सुरुवातीला द बारी वारले आणि विनोग्राड्स्की झुरिचला गेले. तिथे त्यांनी हेच कोडे हाती घेतले. इतरांना अपयश का येते, हे त्यांनी शोधले. त्या वेळी जिवाणू वाढवायचा म्हणजे जिलेटीन किंवा मांसाचा रस द्यायचा, अशी पद्धत होती. त्यावर रोगाचे जिवाणू छान वाढत. पण नायट्रेट करणारे जिवाणू त्यावर वाढतच नव्हते, आणि बाकीचे जिवाणू मात्र सगळी जागा व्यापत.

विनोग्राड्स्कींनी उलटा विचार केला. गंधकाचा जिवाणू जसा वायूवर जगतो, तसा हा अमोनियावर जगत असला, तर त्याला सेंद्रिय अन्नाची गरजच काय? त्यांनी सरोवराच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, थोडे फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळले. सेंद्रिय पदार्थ मुद्दाम वगळला. त्यात थोडी माती टाकली आणि क्रिया सुरू झाली की त्यातला एक थेंब ताज्या द्रावणात घातला. असे पुन्हा पुन्हा केले. प्रत्येक वेळी इतर जिवाणू उपाशी राहून कमी होत गेले आणि हवा असलेला जिवाणू वाढत गेला.

तरी काही बाहेरचे जिवाणू उरतच होते. त्यासाठी त्यांनी जिलेटीनचाच वेगळा उपयोग केला. जिथे काहीही उगवले नाही, नेमका त्या जागेचा अंश उचलून त्यांनी तो अमोनियाच्या द्रावणात टाकला, कारण जिलेटीन न खाणारा जिवाणूच त्यांना हवा होता. पुढे त्यांनी सेंद्रिय अन्न नसलेली सिलिकाची जेल वापरून या जिवाणूंच्या स्वच्छ वसाहती वाढवल्या.

१८९० ते १८९२ या काळात चित्र स्पष्ट झाले. काम दोन वेगळ्या गटांचे जिवाणू करतात :

- पहिला गट (नायट्रोसोमोनास व त्याचे भाऊबंद) अमोनियाचे नायट्राइट करतो.
- दुसरा गट (नायट्रोबॅक्टर) त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो.

दोघेही ऊर्जा याच क्रियेतून मिळवतात आणि शरीरासाठी लागणारा कर्ब हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून घेतात. आता या चित्रात भर पडली आहे. दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा गटातील जिवाणूही २०१५ मध्ये आढळला. पण मूळ आराखडा विनोग्राड्स्कींचाच आहे.

हवेतील नत्र पकडणारा जिवाणू

या कामामुळे त्यांचे नाव झाले. १८९१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे तिथले संचालकही. तिथे त्यांनी तीच पद्धत उलट्या बाजूने वापरली. द्रावणात साखर दिली, पण नत्र अजिबात दिले नाही. ज्याला हवेतून नत्र घेता येईल, तोच तिथे जगणार होता. असा एक जिवाणू मिळाला, तोही हवा नसलेल्या जागी वाढणारा. पाश्चर यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव क्लोस्ट्रिडियम पाश्चुरियानम ठेवले. डाळवर्गीय पिकाच्या गाठीशिवाय, मातीत मोकळा राहून नत्र स्थिर करणारा हा पहिलाच शुद्ध स्वरूपात मिळालेला जिवाणू. आपण बियाण्याला चोळतो तो ॲझोटोबॅक्टर त्यानंतर, १९०१ मध्ये, हॉलंडच्या बायरिंक यांनी शोधला.

प्रयोगशाळा सुटली, गावही सुटले

१९०५ च्या सुमारास प्रकृती साथ देईना म्हणून विनोग्राड्स्कींनी संचालकपद सोडले. पोडोलिया भागात, आताच्या युक्रेनमध्ये, गोरोडोक येथे त्यांची मोठी जमीन होती. पुढची वर्षे ते शेती आणि जंगलाच्या व्यवस्थापनात रमले. सुमारे पंधरा वर्षे ते संशोधनापासून दूर होते.

मग १९१७ ची क्रांती आणि त्यामागून यादवी युद्ध आले. जमीन, घर, संपत्ती मागे टाकून त्यांना देश सोडावा लागला. काही काळ ते बेलग्रेडला प्राध्यापक होते. साठी उलटलेली, संशोधनाला खंड पडलेला, हातात काही नाही. इथेच त्यांची गोष्ट संपली असती, तरी विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

पण १९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख एमिल रू यांनी त्यांना बोलावून घेतले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर या गावी त्यांनी कृषी जिवाणूशास्त्राचा विभाग उभारला. वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी मातीच्या अभ्यासाची नव्याने मांडणी केली. १९४९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचे मोठे फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते त्याच गावी वारले.

मातीतले रहिवासी आणि पाहुणे

ब्रीमधल्या कामात शेतकऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट सापडते. बाटलीतल्या शुद्ध जिवाणूवरून शेतातल्या मातीचे वागणे कळत नाही, असे त्यांचे मत झाले. मातीतला जिवाणू मातीतच, इतर जिवाणूंच्या गर्दीतच पाहायला हवा. त्यासाठी ते मातीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले.

त्यातून त्यांनी जिवाणूंचे दोन वर्ग मांडले. एक वर्ग कायम रहिवाशांचा : ते संथपणे, जुन्या ह्यूमसवर गुजराण करतात. दुसरा वर्ग प्रसंगी जागा होणाऱ्यांचा : एरवी ते थोडे आणि सुप्त असतात, पण ताजे शेण, पालापाचोळा, हिरवळीचे खत मिळाले की झपाट्याने वाढतात आणि अन्न संपले की पुन्हा शांत होतात.

उसाचे पाचट किंवा भाताचे काड नुसते गाडल्यावर पुढचे पीक पिवळे का पडते, याचे उत्तर इथे आहे. जागे झालेले जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात. म्हणूनच पाचट कुजवताना त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला सांगतात.

या शोधांतून स्वच्छतेचे तंत्र कसे उभे राहिले?

१९१४ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर शहरात आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. अमोनियाचे पूर्ण नायट्रेट व्हायला पहिल्यांदा सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे पाणी काढून टाकले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि नवे सांडपाणी भरले. प्रत्येक वेळी गाळातले जिवाणू वाढत गेले आणि शेवटी तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. जगभरातील शहरांची सांडपाणी केंद्रे आज या पद्धतीवर चालतात. या कामामागचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि या विषयाची गोडी त्यांनी इथेही लावली.

दुसरे उदाहरण अलास्काचे. १९८९ मध्ये तिथे तेलवाहू जहाज खडकावर आपटले आणि किनाऱ्यावर तेल पसरले. तिथल्या किनाऱ्यांवर नत्र-स्फुरदयुक्त खत टाकण्यात आले. तेल खाणारे जिवाणू तिथे मुळातच होते. तेलातून त्यांना कर्ब भरपूर मिळत होता, कमी होते ते नत्र आणि स्फुरद. खताने ती कमतरता भरून निघाली आणि तेल कुजण्याचा वेग वाढला. आपण पाचटावर युरिया टाकतो, त्यामागचे तत्त्वही तेच.

आपल्या शेतात याचा उपयोग काय?

१. हवा द्या. अमोनियातील एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट होण्यासाठी सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणून हे काम वाफशावर होते, चिबड जमिनीत थांबते. गोठ्याचे सांडपाणी खोल, झाकलेल्या खड्ड्यात साठवण्याऐवजी उथळ टाकीत खेळते ठेवले किंवा खडी-वाळूच्या थरातून झिरपू दिले, तर वास लवकर जातो.

२. आम्लता सांभाळा. या क्रियेत आम्ल तयार होते आणि एक ग्रॅम नत्रामागे सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्ची पडते. विनोग्राड्स्कींनी द्रावणात कार्बोनेट घातले होते, ते याचसाठी. कोकणातील आम्लधर्मी जमिनीत ही क्रिया मंद असते, ती याचमुळे. अशा जमिनीत माती परीक्षणानुसार चुना द्यावा.

३. विष टाळा. गोठा धुताना फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर सढळ हाताने वापरून तेच पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडले, तर फ्रेंच शास्त्रज्ञांच्या नळीत क्लोरोफॉर्मने जे केले तेच होईल. असे पाणी वेगळे काढा.

४. थांबायची तयारी ठेवा. नवी टाकी किंवा मत्स्यपालनाचे नवे तळे सुरू केल्यावर आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना घातक आहेत. पाणी तपासूनच मासे सोडा. जुन्या, चालू टाकीतला थोडा गाळ टाकला तर हा काळ कमी होतो.

५. नायट्रेट म्हणजे काम संपले असे समजू नका. वास गेला तरी नत्र पाण्यातच असते. पिकाने ते घेतले नाही, तर ते पाण्याबरोबर खाली जाऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून असे पाणी नेपियरसारख्या नत्र भरपूर उचलणाऱ्या चारापिकाला द्या. युरियाही एकदम न देता विभागून द्या. कडुनिंबाचे आवरण असलेल्या युरियात पहिल्या गटाच्या जिवाणूंचे काम मुद्दाम मंद केलेले असते, त्यामुळे नत्र वाहून जाणे कमी होते.

६. जिवाणूंची मर्यादा ओळखा. शेण, मूत्र, तेल, अनेक सेंद्रिय रसायने ते मोडू शकतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू मात्र नष्ट होत नाहीत. फार तर त्यांचे रूप बदलते. कारखान्याचे पाणी शेतात येत असेल, तर जिवाणूंची बाटली विकत घेण्याआधी माती व पाण्याची तपासणी करून घ्या. तसेच प्रक्रिया केलेले घरगुती सांडपाणीही कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्याला देऊ नका, कारण त्यात रोगजंतू उरू शकतात.

मुलांसोबत करून पाहा : विनोग्राड्स्कींची बरणी

१. उंच, पारदर्शक प्लॅस्टिक बरणी घ्या.
२. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठचा काळा चिखल घ्या. त्यातले खडे व काड्या काढा.
३. त्यातल्या थोड्या चिखलात फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, दोन चमचे जिप्सम आणि एक चमचा चुनखडीची भुकटी मिसळून तळाशी भरा.
४. वर साधा चिखल भरून पाऊण बरणी भरा. वर दोन-तीन बोटे त्याच तळ्याचे पाणी राहू द्या.
५. झाकण सैल लावा आणि बरणी उजेडाच्या खिडकीत, कडक ऊन लागणार नाही अशी ठेवा. चिखल हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

काही आठवड्यांत बरणीत पट्टे दिसू लागतात. तळाशी, जिथे हवा नाही, तिथे काळा थर येतो. त्याच्या वर हिरवे, जांभळट थर आणि पृष्ठभागाजवळ हवेवर जगणारे जीव असतात. खालच्या जिवाणूंनी तयार केलेला सल्फाइड वायू वरच्यांचे अन्न होतो. बाहेरून एकही जिवाणू विकत आणलेला नसतो. सगळे त्या मूठभर चिखलातच असतात आणि प्रत्येक जण आपल्याला मानवेल त्या जागी वाढतो.

तुमच्या शेतातली माती हीसुद्धा अशीच बरणी आहे. कोणते जिवाणू जागे करायचे, हे हवा, ओलावा, चुना आणि सेंद्रिय खत यांच्या रूपाने तुमच्या हातात असते. पुढच्या वेळी माती परीक्षणाचा अहवाल आला की सामू, सेंद्रिय कर्ब आणि निचरा या तीन गोष्टी आधी पाहा. या तीन जागेवर असल्या, तर जिवाणूंना काम सांगावे लागत नाही.